गाण्याच्या शेवटच्या कडव्यातले नाव

आमच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे ठराव वाचतात, भाषणे वाचतात, वृत्तपत्रांच्या जुन्या फायली चाळतात. गाणे ते वाचीत नाहीत. गाणे त्यांच्या लेखी सभेआधीची करमणूक असते. वक्त्यांची जीप येईपर्यंत लोकांना बसवून ठेवण्याची सोय. मी स्वतः तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि मीही हेच मानीत आलो. एका बाबतीत तर मी याहूनही वाईट केले. त्याची कबुली या लेखात यावयाची आहे. ती देण्याची पाळी माझ्यावर ब्राझील देशातल्या एका तबकडीने आणली, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल; पण घडले ते असे.

माझा भाचा पुण्याला अभियांत्रिकी शिकतो. भीमजयंतीला तो वसमतला आला होता. रात्री मिरवणूक संपली तरी ध्वनिक्षेपकांच्या भिंतीचा दणका छातीत शिल्लक होता. मी चिडून म्हणालो, "ही काय गाणी झाली? एक शब्द कळेल तर शपथ." तो हसला. "मामा, थांबा, तुम्हाला खरा गोंगाट ऐकवतो," म्हणाला आणि मोबाइलवर त्याने एक गाणे लावले. आमच्या वसमतच्या हळद बाजाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हळकुंडाला पॉलिश करणारा लोखंडी ढोल ठाऊक असेल. तो ढोल पूर्ण वेगात फिरावा आणि त्यात हळदीऐवजी कोणी दगड भरावेत, असा तो आवाज होता. त्यावर एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता. दोन-तीन मिनिटांत सगळे संपले. "हे काय आहे?" मी विचारले. भाचा म्हणाला, "मामा, हा त्यांचा जलसा आहे."

माझा बाप जलशात गात असे. त्यामुळे तो शब्द मला लागला. मी त्या तबकडीच्या मागे लागलो.

ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ साली. अमेरिका खंडात ती सर्वांत शेवटी तिथेच संपली. मोकळे झालेल्यांना जमीन मिळाली नाही, शाळा मिळाली नाही. मळ्यांच्या कडेची माणसे पुढे शहरांच्या कडेला जाऊन बसली. १९६४ साली लष्कराने सत्ता बळकावली आणि १९८५ पर्यंत सोडली नाही. १९६८ च्या डिसेंबरनंतर तर गाण्याची ओळसुद्धा सरकारी कात्रीखालून जाऊ लागली. सत्तरीच्या अखेरीस साओ पावलो या अवाढव्य औद्योगिक शहराच्या आसपास धातुकामगारांचे मोठे संप झाले. त्याच काळात त्याच शहराच्या कडेच्या वस्त्यांतली पोरे पंक नावाचे संगीत वाजवू लागली. पंक म्हणजे थोडक्यात असे: वाद्य नीट येत नसले तरी चालेल, गाणे लहान असावे, आणि जे बोलायचे ते तोंडावर बोलावे. १९८१ साली या शहरात एक बँड उभा राहिला. त्याचे नाव रातोस दे पोराओ, म्हणजे तळघरातले उंदीर. पोराओ हा शब्द जहाजाच्या तळालाही वापरतात. आफ्रिकेतून माणसे ज्या तळात कोंबून आणली, तोही पोराओच. ते मनात धरून पोरांनी हे नाव निवडले असे मी म्हणत नाही. माझ्या मनात मात्र ते आल्यावाचून राहिले नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. परदेशात कोणी ओरडले की त्याला आपला भाऊ ठरवायचा, ही सवय आपल्याला आहे. म. ना. वानखेडे अमेरिकेतून निग्रो साहित्याचे भान घेऊन आले आणि मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात त्याची चर्चा झाली, तेव्हापासून आपण समुद्रापलीकडे पाहात आलो. १९७२ साली दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. त्यातून पुष्कळ बळ मिळाले. परंतु ब्राझीलची ही पोरे वंशाच्या प्रश्नावर उभी राहिलेली नव्हती. ती शहराने कडेला फेकलेली, पोलिसांचा मार खाणारी, बेकारीला विटलेली पोरे होती. नाते असलेच तर ते रक्ताचे नाही, कामाच्या पद्धतीचे आहे, आणि मला ते तिथेच तपासायचे आहे.

त्यांची पहिली तबकडी १९८४ साली आली. तिच्या नावाचा अर्थ, व्यवस्थेने क्रूसावर चढवलेले. ती शुद्ध पंक होती. त्यानंतर, १९८६ आणि १९८७ च्या तबकड्यांत, या लोकांनी एक अपराध केला. त्यांनी मेटल नावाच्या दुसऱ्या घराण्याचे वादन आपल्यात घेतले. पंकवाल्यांच्या दृष्टीने मेटल म्हणजे लांब केसांची, राक्षस-भुतांची, पैशाची दुनिया. दोन्ही पंगती वेगळ्या होत्या. एकमेकांच्या कार्यक्रमांत मारामाऱ्या होत. पंकांनी या बँडला फितूर म्हटले. बँडने ऐकले नाही. पंकचा राग आणि मेटलचा वेग यांच्या या मिसळीला तिकडे क्रॉसओव्हर थ्रॅश म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, संकर.

हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्याचा इतिहास साधा नाही. मनुस्मृतीला सर्वांत मोठे भय कशाचे असेल तर संकराचे. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला जे जाळले गेले, त्यात हे भयही जळावयास हवे होते. प्रत्यक्षात ते जळालेल्यांच्याच घरांत पुन्हा पुन्हा निघते. विद्रोह करणाऱ्यांचेही सोवळे असते. साओ पावलोच्या पंकांचे होते, आमचेही होते. त्याकडे मी येतो.

ज्या तबकडीमुळे हा सगळा खटाटोप, ती १९८९ सालची. तिचे नाव सरळ देशाचेच, ब्राझील. तो काळ पाहा. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये नवे संविधान लागू झाले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला ॲमेझॉनच्या जंगलात रबराचा चीक काढणाऱ्या कामगारांचा नेता शिको मेंदेस याला त्याच्या घराच्या मागच्या दारात गोळ्या घालून मारले. महागाई वर्षाला हजार टक्क्यांच्या वर गेलेली. १९६० नंतर प्रथमच लोक स्वतःच्या मताने राष्ट्राध्यक्ष निवडणार होते. हाती संविधान आहे, पोटात अन्न नाही, आणि मारेकरी मोकळे आहेत. हे चित्र आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी हे लोक पश्चिम बर्लिनला गेले. तिथे म्युझिक लॅब नावाच्या स्टुडिओत हॅरिस जॉन्स या निर्मात्याने त्यांचे गाणे मुद्रित केले. मार्काती या चित्रकथाकाराने वेष्टनावरचे चित्र काढले. गाण्यांची नावे ऐका: ॲमेझॉन पुन्हा कधीच नाही, पिऊन मरणे, भविष्य नसलेली मुले, राष्ट्रवादाचे सोंग, लष्करी यंत्र. देश नुकता लोकशाहीचा उत्सव करू लागला होता, आणि उत्सवाच्या मांडवात उभे राहून या तळघरातल्या उंदरांनी उष्ट्या पत्रावळी मोजल्या.

तिचा प्रभाव टिकला, याची कारणे मी माझ्या अल्पमतीने दोन मानतो. एक भाषा. त्याच देशातल्या सेपुल्तुरा या जगभर गाजलेल्या बँडने इंग्रजीत गाणे पसंत केले. बाजार मोठा होता, त्यांचे चुकले असे नाही. रातोस दे पोराओने या तबकडीची इंग्रजी आवृत्तीही केली. पण मूळ गाणी पोर्तुगीजमध्ये, रस्त्यावरच्या शिव्यांसकट आहेत. इतक्या टोकाचे संगीत आपल्या मातृभाषेत उभे राहू शकते, हे तिने दाखवून दिले. गंमत म्हणजे सेपुल्तुराने पुढे या बँडचे १९८४ चे गाणे स्वतः गायले, तेव्हा ते पोर्तुगीजमध्येच गायले. आणि बँड स्वतः थांबला नाही. २०२२ साली, महामारी आणि बोल्सोनारो राजवटीचा अनुभव घेऊन, त्यांनी मरणाचे राजकारण अशा अर्थाच्या नावाची नवी तबकडी काढली.

दुसरे कारण मला फार उशिरा कळले, आणि या लेखाचे ते मूळ आहे. या तबकडीबद्दल मी वर जे लिहिले ते मला लिहिता आले, कारण ते कुठेतरी नोंदलेले आहे. कोण गायला, कोणी ढोल बडवले, कोणत्या शहरात, कोणत्या साली, चित्र कोणी काढले. ज्यांना उंदीर म्हणवून घ्यावे लागले, त्यांचीही नोंद आहे. आता मी आमच्याकडे वळतो.

आंबेडकरी जलशाचा पूर्वज सत्यशोधकी जलसा. सत्यशोधक समाज १८७३ चा. त्याच्या विचाराचे जलसे पुढे गावोगाव फिरले. नाशिकला १९३० च्या मार्चमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच मुलखात भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. आपल्या अनेक सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण चळवळीत सांगतात. या जलशांनी केले काय? तमाशाची चौकट उचलली. गण, गौळण, बतावणी, वग. गणातला गणपती काढला. गौळणीतला कृष्ण काढला, त्याने वाट अडवलेल्या गवळणी काढल्या. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज ठेवली. बतावणीत सावकार आला, तलाठी आला, मेलेले ढोर ओढायला नकार देणारा पोरगा आला. बायकांची कामे पुरुषच करीत, ही त्यातली उणीव होती, ती झाकण्याचे कारण नाही.

हा संकर होता, आणि धाडसाचा होता. तमाशा महार-मांगांनीच जगवला. पण त्यातली अप्रतिष्ठाही त्यांच्याच वाट्याला आली. सुधारलेल्या माणसाने तमाशाकडे पाठ फिरवावी, असे वातावरण होते. जलशाने पाठ न फिरवता आतून घर झाडून घेतले. पुढे आणखी मिसळ झाली. मुंबईच्या चाळींत आणि आमच्या निजामी मुलखात कव्वाली होतीच. उरुसात ती सगळे ऐकत. भीमगीतांनी कव्वाली घेतली, तिचे सवाल-जवाब घेतले. श्रावण यशवंते, नागोराव पाटणकर, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप या मंडळींनी ती कव्वाली रात्र रात्र चालवली. प्रल्हाद शिंदे तर पंढरीची भक्तिगीतेही त्याच ताकदीने गात, आणि त्यावरून त्यांना बोलणारे आमच्यात होते. विठ्ठल उमप २०१० च्या २६ नोव्हेंबरला नागपूरला, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच कोसळले.

आणि वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी. अक्षरओळख मोठेपणी, मुंबईत झाली. पहिले गाणे ३ मे १९४३ चे, आणि ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. म्हणजे आमच्या सर्वांत मोठ्या लोककवीची सुरुवातच उसन्या चालीवर झाली. त्यानंतर हजारो गाणी. २००४ च्या मे महिन्यात ते गेले, पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. वसमत आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा सगळा मुलूखच निजामाच्या राज्यात. माझा बा तालुक्यातल्या एका खेड्यात सालगडी होता, नंतर वसमतला हळदीच्या अडतीवर हमाल झाला. रात्रीच्या वर्गात लिहायला शिकला. धर्मांतरानंतर चार-पाच जणांनी मिळून गायन पार्टी काढली. पेटी एकाची, ढोलकी बाची. गाणी कुठून आणायची? पूर्णा जंक्शनच्या रेल्वे कामगारांत मोठे कार्यक्रम होत, नांदेडला होत. बा पायी, रेल्वेने, ट्रकवर बसून जाई, गाणे ऐकून डोक्यात धरी आणि परत आल्यावर चोपडीत उतरवी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर दुपारच्या सुट्टीत तीच गाणी म्हटली गेली. मी तेव्हा लहान होतो. मला शब्दांपेक्षा हातोड्याचा ठेका आठवतो.

बाचा एक नियम होता. गाणे कितीही लांबो, शेवटचे कडवे सोडायचे नाही. त्या कडव्यात कवीचे नाव असते. वामनदादांच्या गाण्यात ते वामन म्हणून येते. ही रीत जुनी आहे. अभंगाच्या शेवटी तुका येतो, नामा येतो, चोखा येतो. चोखामेळ्याला देवळात शिरू दिले नाही. पण शेवटच्या ओळीतून त्याला कोणी बाहेर काढू शकले नाही, कारण त्याला काढले तर अभंगच लंगडा होतो. सोयराबाईने आपली ओळख चोख्याच्या नावाने दिली. तिलाही आपण तेवढ्याच धाग्याने ओळखतो. ज्यांच्याकडे छापखाना नव्हता, ग्रंथालय नव्हते, त्यांनी आपले मुखपृष्ठ गाण्याच्या पोटात शिवले होते.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांनी फार सोसले. आमच्याकडची माणसे रात्री रानात जाऊन झोपत. बाने घरातून बरोबर काय घेतले? ढोलकी राहिली, भांडी राहिली. चोपडी तेवढी धोतरात गुंडाळून घेतली. मला त्या वेळी त्याचा राग आला. घर जळण्याची वेळ आणि हा माणूस गाण्याची वही सांभाळतो!

मी कॉलेजला गेलो, नांदेडला. वसतिगृहात चर्चा होत. आमच्या हातात गोलपिठा होता, नियतकालिके होती, नकार आणि विद्रोह हे शब्द नवे कोरे होते. कॉलेजच्या वार्षिकात मी एक लेख लिहिला. त्याचा आशय असा की दलित कविता वेगळी आणि ही चालीवरची गाणी वेगळी. गाण्यांत प्रचार आहे, भाबडी व्यक्तिपूजा आहे, सिनेमाच्या चाली आहेत, म्हणून त्यांना साहित्य म्हणता येणार नाही. प्रस्थापित समीक्षेने दलित कवितेला जो शब्द वापरला होता, कर्कश, तोच मी माझ्या बापाच्या गाण्याला वापरला. कोणी मला अडवले नाही. उलट शाबासकी मिळाली. मी एकटाच असा होतो काय? आपल्या साहित्यचळवळीच्या त्या काळातल्या अंकांत शाहिरांना किती पाने मिळाली, ते वाचकांनी आपापल्या संग्रहात पाहावे.

याहून मोठी चूक पुढची. १९८२ च्या जयंतीला आम्ही विद्यार्थ्यांनी एक गीतपुस्तिका काढली. सोळा पाने, सायक्लोस्टाइल, मधोमध पिन. गाणी बाच्या चोपडीतून घेतली. बैठकीत प्रश्न निघाला, कवींची नावे द्यायची काय? एकाने सांगितले, ही गाणी समाजाची आहेत, चळवळीत मी-तू नसते. मला ते फार पटले. पाने मर्यादित होती. मीच लाल पेन घेऊन बसलो आणि जागा वाचवण्यासाठी गाण्यांची शेवटची कडवी छाटली. समाजाची गाणी म्हणताना, ती रचणारी माणसे मी समाजाबाहेर काढतो आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

मोठ्या ऐटीत ती पुस्तिका मी बाच्या हातात दिली. त्याने बोट ठेवीत ठेवीत एक गाणे वाचले. पान उलटून मागे पाहिले. मग म्हणाला, "वामनदादा कुठं गेले रं?"

मी त्याला समाज, समष्टी वगैरे समजावून सांगितले. तो काही बोलला नाही.

१९८०-९० च्या दरम्यान कॅसेट आली, आणि जे काम आम्ही सोळा पानांत केले ते तिने लाखांत केले. तिचे उपकार मी नाकारीत नाही. ग्रामोफोन कंपन्यांनी कोणाला उभे करायचे ते मुंबईत ठरे. कॅसेट स्वस्त होती, लहान माणूसही काढू शकत होता, आणि एका कॅसेटवरून दहा करता येत. वसमतच्या बसस्थानकाजवळच्या टपरीवर भीमगीत वाजू लागले, हीच आमच्या लेखी केवढी घटना होती! ज्या रस्त्याने मान खाली घालून जायचे, त्या रस्त्यावर आमचा आवाज कर्ण्यातून उभा राहिला. पहिल्या पगारात मी टू-इन-वन आणला आणि नांदेडहून एक कॅसेट. बा समोर बसला. गाणे ओळखीचे होते. तो मांडीवर ठेका धरून ओठ हलवीत होता. शेवटचे कडवे आलेच नाही. धृपद दोनदा फिरून आवाज बारीक बारीक होत गेला आणि दुसरे गाणे लागले. कॅसेटच्या कागदावर गायकाचा फोटो होता, खाली पारंपरिक असे लिहिले होते. बा माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुह्यावानीच कापलं बघ यायनंबी."

पारंपरिक! ज्या कवीला त्याच वेळी नाशिककडे जाऊन भेटता आले असते, तो जिवंतपणी परंपरेत जमा झाला. प्रस्थापितांनी आमचा इतिहास पुसला असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण हे पुसणे आमच्याच हातून झाले. निम्मे बाजाराने केले, निम्मे माझ्यासारख्यांनी विचार म्हणून केले.

म्हणून चाली उसन्या घेतल्या, सिनेमाची नक्कल झाली, आता डीजे लावतात, यावर जे आक्षेप घेतात त्यांच्याशी माझे आता जमत नाही, जरी कान माझेही दुखतात. जलशाने तमाशा घेतला, कव्वालीने दर्गा घेतला, वामनदादांनी हिंदी गाणे घेतले. ब्राझीलच्या पोरांनी वैऱ्याच्या घरचे गिटार घेतले. त्यांच्यावर फितुरीचा आरोप करणारे पंक आज कोणाच्या लक्षात नाहीत. मिसळीने गाणे बाटत नाही. ते मरते नाव आणि शब्द गळाले म्हणजे. डीजेवर माझी तक्रार असलीच तर एवढीच की त्यात शब्द ऐकू येत नाहीत.

नोंद ठेवली तर काय होते, याची आपल्याकडचीच उदाहरणे आहेत. विलास घोगरे हा मुंबईचा लोकशाहीर. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या हमारा शहर या चित्रपटात तो गायला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार करून दहा माणसे मारली; चार दिवसांनी घोगरेने आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धनांनी त्यानंतर चौदा वर्षे चित्रण करून जयभीम कॉम्रेड काढला. घोगरेच्या तोडीचे शाहीर आमच्या जिल्ह्यातही झाले असतील. त्यांच्यासमोर कॅमेरा नव्हता. दुसरे उदाहरण बायकांचे. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या, आणि ओवीबरोबर बाईचे नाव, गाव. त्यात मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. जलशात ज्यांना जागा नव्हती, त्या बायकांची नोंद जलशापेक्षा नीट झाली. आणि तिसरा नोंद ठेवणारा सरकार. शीतल साठे आणि सचिन माळी हे कबीर कला मंचाचे गायक २०१३ च्या एप्रिलमध्ये विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. आरोपपत्रात गाणाऱ्याचे नाव वडिलांच्या नावासकट, वयासकट बिनचूक येते. तिथे कोणी त्याला पारंपरिक म्हणत नाही.

बा २००१ साली गेला. चोपडी माझ्याकडे आहे. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, हळदीचे डाग पानापानांवर आहेत. जयंतीच्या त्या रात्रीनंतर भाचा दोन दिवस जास्त राहिला. त्याने त्या ब्राझीलच्या तबकडीची माहिती जशी लिहिलेली असते तसे रकाने संगणकावर आखले: गाणे, कवी, चाल कशावरून, कुठे ऐकले. मी वाचायचे, त्याने लिहायचे. एकशे त्रेचाळीस गाणी निघाली. शेवटच्या कडव्यात वामन आले की दोघांनाही बरे वाटे. काही ठिकाणी बाने समासात ऐकल्याचे ठिकाण लिहिले आहे: पूर्णा, नांदेड, एकदा नुसते ट्रकमध्ये. मी लाल पेनाने मारलेल्या फुल्याही सापडल्या. भाच्याने विचारले, ह्या कोणाच्या? मी सांगितले.

शंभराच्या पुढे एक गाणे लागले, पाणवठ्यावरचे. चाल एका जुन्या कव्वालीची. शेवटच्या कडव्यात, जिथे नाव यायचे तिथे, आनंद असा शब्द आहे. भाचा म्हणाला, "मामा, हे कवीचं नाव की नुसताच आनंद?" मी ते कडवे तीनदा म्हणून पाहिले. दोन्ही अर्थ बसतात. बाला ठाऊक असणार. मी कधी विचारले नाही. भाच्याने कवीच्या रकान्यात आनंद लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले. मग आपणहून एक रकाना वाढवला, लिहून ठेवणारा, आणि त्यात एकशे त्रेचाळीस वेळा माझ्या बाचे पूर्ण नाव घातले. बाने स्वतः ते चोपडीत एकदाही लिहिलेले नाही.